तानपुरा गायब! फोनला बाहेरचा माईक लावून मैफल रेकॉर्ड करण्याविषयी

शुद्धधैवत

नमस्कार मंडळी,

आमच्या बाई ७६ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीत राहत्या घरी गाणं शिकवतात. जाहीर कार्यक्रम त्यांनी कधीच थांबवले, त्यामुळे त्यांचं गाणं सलग ऐकायला मिळतं ते फक्त गुरुपौर्णिमेला, आम्हा सगळ्यांचं गाऊन झाल्यावर. यंदा त्या पूरिया राग गायल्या. मी पहिल्या रांगेत छोट्या स्टँडवर फोन लावून सगळा व्हिडिओ केला.

पूरियाला पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली, एरवी पंचमाला असणारी तार मंद्र निषादाला लावली होती. त्या दिवशी जवारी (तारांचा घुमणारा झणकार) अशी काही लागली होती की नुसत्या तानपुऱ्यावरच लोक डोळे मिटून बसले होते. घरी येऊन हेडफोन लावला आणि तानपुराच नाही! सुरुवातीला दोन-तीन सेकंद आहे, मग विरत जातो. बाईंचा स्वर लागला की त्याच्या मागे जरासा डोकावतो, त्या श्वास घ्यायला थांबल्या की पुन्हा नाहीसा. तबला सुरू झाल्यावर तर आणखी वाईट. प्रत्येक जोरकस बोलावर बाईंचा आवाज दबतो आणि हळूहळू वर येतो. डग्ग्याला घुमाराच नाही, पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा वाजतो.

फोन ॲन्ड्रॉइड आहे, तीन वर्षं जुना, यूएसबी-सी. हेडफोनचं भोक नाही. माझ्याकडे हल्ली सगळे घेतात तो बिनतारी कॉलर माईकचा जोड आहे, पण त्यावर रियाझ रेकॉर्ड करून पाहिला तर तानपुऱ्याचं तेच झालं.

कोजागिरीला बाईंच्या घरी पुन्हा बैठक आहे, वीस-पंचवीस माणसं, ध्वनिक्षेपक नाही. यावेळी मला ते नीट टिपायचंय. कोणता माईक घ्यावा, कुठे ठेवावा, फोनमध्ये काय बदलावं, कृपया सांगा. गेलेला पूरिया परत येणार नाही याचं फार वाईट वाटतंय.

---

खर्जाचा_रियाझ

शुद्धधैवत, तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. तो बोलणं ऐकण्यासाठी बनवलाय आणि ते काम त्याने चोख केलं. मी पुण्यात बरीच वर्षं घरगुती बैठका रेकॉर्ड करतोय आणि तानपुरा हरवल्याची ही तक्रार सारखी ऐकतो.

फोनमधला आवाज शुद्ध करणारा प्रोग्रॅम एकसारखा, न बदलणारा आवाज शोधतो. पंखा, एसी, गाडीचं इंजिन. जो आवाज तसाच टिकून राहतो तो गोंगाट, आणि जो चढउतार करतो ते बोलणं, असं त्याचं साधं गणित. आता सांगा, खोलीतला सगळ्यांत एकसारखा आवाज कोणता? तानपुरा. म्हणून पहिले दोन-तीन सेकंद तो ऐकू येतो. तेवढ्या वेळात फोनने त्याला गोंगाट ठरवलं आणि पुढे वजा करत राहिला.

दबणारा आवाज ही दुसरी भानगड. तिला ऑटो गेन म्हणतात. आलापीत आवाज हळू म्हणून फोन पातळी वर ओढतो, तबल्याची थाप आली की झटकन खाली आणतो. बडा ख्याल ज्या हळू-मोठ्याच्या खेळावर उभा असतो तोच त्यात सपाट होतो. आणि डग्ग्याचं म्हणाल, तर बोलण्यात खालच्या कंपनांची गरज नसते, म्हणून वाऱ्याची घरघर टाळायला ती बऱ्याचदा कापूनच टाकलेली असतात. त्यात डग्गाही जातो आणि पुरुष गायकाचा खर्जही.

तेव्हा माईकवर पैसे घालण्याआधी हे करा. नेहमीचा कॅमेरा सोडून 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप घ्या. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'ऑडिओ सोर्स' आहे. तिथे 'अनप्रोसेस्ड' निवडा. ॲन्ड्रॉइड ७ पासून ही सोय प्रणालीतच आहे, पण फोन बनवणाऱ्यांनी ती पाळली असेलच असं नाही, म्हणून घरी तानपुरा लावून पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा. तानपुरा पाच मिनिटं तसाच राहिला तर अर्धी लढाई जिंकलात. आयफोनवाल्यांनी व्हॉइस मेमोच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा 'लॉसलेस' करावा. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे ॲपही चांगलं आहे, त्यात लेव्हलचे काटे दिसतात.

कॉलर माईकबद्दल: बहुतेक जोडांच्या ट्रान्समीटरवर नॉइज कॅन्सलचं बटण असतं आणि ते चालू राहून गेलेलं असतं. ते बंद करा. तरी मैफलीला तो माईक नकोच. तो छातीवर लावून बोलण्यासाठी आहे.

माईक कुठे ठेवायचा यावर सवडीने लिहितो.

---

धा_धिं_धिं_धा

डग्ग्याबद्दल मनापासून +१. माझ्या साथीची जेवढी फोन रेकॉर्डिंग लोकांनी पाठवली त्यांत चाटीचा (तबल्याच्या काठावरचा) बोल कान फाडतो आणि बायाँ, म्हणजे डग्गा, कुठे आहे ते शोधावं लागतं. घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला आवाज) तर कधीच ऐकू आला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजीचा डावा हात कच्चा आहे.

---

वायरिंगवाला

माईक जोडण्यात लोक हमखास फसतात, म्हणून थोडं तपशिलात.

ज्यांच्या फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे त्यांनी पिन नीट बघावी. फोनला लागते ती तीन काळ्या पट्ट्यांची. कॅमेऱ्याच्या माईकला बहुधा दोन पट्ट्यांची पिन असते. ती फोनमध्ये बसते, घट्ट बसते, पण माईक जोडला जात नाही. फोन आपल्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो आणि ते घरी गेल्यावर कळतं. मध्ये लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. आणि त्या भोकातून फोनच्या आत एकच वाट जाते, म्हणजे कितीही भारी स्टिरिओ माईक लावला तरी रेकॉर्डिंग मोनो, डावं-उजवं वेगळं नाही.

यूएसबी-सी असेल तर चित्र बदलतं. तिथून आवाज आकड्यांच्या रूपातच आत येतो, स्टिरिओ येतो, आणि फोनच्या आतल्या स्वस्त सर्किटशी संबंध राहत नाही. आयफोनलाही १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, यूएसबी-सीच आहे. जुन्या आयफोनला लाइटनिंगचे माईक मिळतात, शुअरचा 'एमव्ही ८८' बरेच जण वापरतात.

धागाकर्तीला माझा सल्ला: नुसता फोनचा माईक घेण्यापेक्षा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या जो यूएसबीने फोनला माईक म्हणूनही जोडता येतो. झूमच्या 'एच १ एन'ला आणि नंतर आलेल्या 'एच १ इसेन्शियल'ला ही सोय आहे. फोन बदलला तरी तो वाया जात नाही.

जोडल्यावर पहिलं काम: रेकॉर्डिंग सुरू करून बाहेरच्या माईकवर नखाने हलकेच टकटक करा, मग फोनवर करा. कुठली टकटक मोठी ऐकू येते ते बघा. मी हे दर वेळी करतो.

आणि चार्जिंग. माईकने भोक अडवलं की फोन चार्ज होत नाही, उलट माईकच फोनची बॅटरी खातो. चार्जिंगची सोय असलेला हब लावलात तर त्याला पॉवर बँक जोडा. भिंतीतल्या चार्जरवरून अनेकदा गुंss अशी घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

---

स्पूलच्या_काळातला

धागा वाचून हात शिवशिवले.

१९७० च्या दशकात माझ्या थोरल्या भावाकडे ग्रुंडिगचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर होता. दादरला, गिरगावात, पार्ल्यात कुठे बैठक असली की आम्ही दोघं तो टॅक्सीत घालून न्यायचो. बाराशे फुटांची टेप सेकंदाला पावणेचार इंचांच्या गतीने एका बाजूला तासभर चालायची. भाऊ गवयाच्या पाया पडून विचारायचा, माईक ठेवू का? एखादे बुवा म्हणायचे, ठेव पण मला दिसता कामा नये. मग माईक पुढे पानाच्या तबकामागे. गंमत म्हणजे ती जागा फार चांगली निघायची, गळ्यापासून चार हातांवर.

पुढे कॅसेट आली. ४५ मिनिटांनी बाजू उलटावी लागायची आणि नेमकी द्रुत रंगात आली की ती वेळ यायची. आमच्याकडच्या कितीतरी तराण्यांना शेवट नाही. तुम्हाला तीन-तीन तास न तुटता मिळतात याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आज ज्या जुन्या खाजगी मैफली आपण ऐकतो त्या अशाच कोणीतरी हौसेने टिपल्या म्हणून उरल्या. तबकड्यांच्या काळात गवयाला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. त्याच गवयाने घरच्या बैठकीत सव्वा तास गायलेला राग मात्र स्पूलवर आहे. म्हणून शुद्धधैवत, तुम्ही हे करताय ते फार मोलाचं आहे. आणि बाईंना जरूर विचारा, त्यांच्याकडेही जुन्या कॅसेट असतील. असल्या तर कोजागिरीची वाट न बघता त्या आधी फोनवर उतरवून घ्या, टेपला बुरशी लागली की काही उरत नाही.

---

शुद्धधैवत

सगळ्यांचे मनापासून आभार! 'अनप्रोसेस्ड' करून पाहिलं. तानपुरा आला! पाच मिनिटं, दहा मिनिटं, तसाच. मी अक्षरशः स्वयंपाकघरातून सासूबाईंना बोलावून ऐकवलं. आता पंखाही ऐकू येतोय, पण तो येणारच.

काका, बाईंकडे कॅसेटचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यावर कोणाचंही नाव नाही, नुसत्या तारखा. पुढच्या रविवारी बसणार आहोत.

रेकॉर्डर मागवला आहे. खर्जाचा_रियाझ, जागेबद्दल लिहा ना.

---

खर्जाचा_रियाझ

लिहितो. माझ्या मते चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये माईकच्या किमतीपेक्षा जागेचा वाटा मोठा असतो.

खोलीत दोन आवाज असतात. एक गळ्यातून थेट येणारा आणि दुसरा भिंती-छताला आपटून येणारा. कान समोर लक्ष देऊन दुसरा बाजूला सारतात, माईकला ते जमत नाही. म्हणून तुम्हाला जिथून छान ऐकू येतं त्याच्या निम्म्या अंतरावर माईक हवा. घरगुती बैठकीत मी गायकापासून दीड-दोन मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, खाली गळ्याकडे तोंड करून लावतो. जमिनीवर ठेवलात तर सतरंजीवरची प्रत्येक हालचाल येते.

आपल्याकडे तबला सहसा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे, आणि पेटी दुसऱ्या बाजूला. तबला सगळ्यांत मोठा, म्हणून स्टँड मधोमध न ठेवता वीतभर पेटीकडे सरकवा. तानपुरा मागे असतो, तो थोडा बाजूला घेऊन बसायची विनंती करता आली तर करा. गायकाच्या पाठीआड तो अर्धा झाकला जातो.

तुमच्या रेकॉर्डरमधले दोन माईक एकमेकांना ९० अंशांत तिरके असतात, त्यामुळे डावं-उजवं आपोआप नीट पडतं. स्वतंत्र दोन माईक असणाऱ्यांसाठी फ्रेंच रेडिओवाल्यांनी बसवलेली ओआरटीएफ पद्धत बैठकीला फार गोड वाटते. दोन माईकमध्ये १७ सेंटीमीटर, कोन ११० अंश. साधारण आपल्या दोन कानांइतकंच अंतर.

लेव्हल: तबलजीला आधी जोरात वाजवायला सांगा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. बैठक रंगली की सगळेच चढतात, तेवढी जागा लागते. २४ बिटवर रेकॉर्ड केलंत तर हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला एक जीबीच्या वर जाते. फोनमध्ये पाच-सहा जीबी मोकळे ठेवा. एअरप्लेन मोड न विसरता लावा.

पंख्याचं काय करायचं ते तुमच्यावर. कोजागिरीला गच्ची असेल तर प्रश्नच नाही, पण मग माईकवर फोम नको, केसाळ टोपी लागते. वाऱ्याला फोम पुरत नाही.

---

कणकवलीचो_बुवाप्रेमी

आमच्याकडे प्रश्न अगदी उलटा आहे. मी डबलबारी भजनं, म्हणजे दोन बुवांचा भजनांचा सामना, रेकॉर्ड करतो. समोरासमोर दोन बुवा, मृदंग, झांज, पेटी आणि देवळाबाहेर माणसाच्या उंचीचे स्पीकर. इथे तानपुरा हरवण्याची भीती नाही, सगळंच फाटण्याची आहे.

पहिल्यांदा मी माईक स्पीकरसमोर ठेवला होता. लेव्हल कमी केली तरी फाटला, कारण फाटला तो माईक स्वतः. प्रत्येक माईकला किती मोठा आवाज झेपतो त्याची मर्यादा असते, पाकिटावर कमाल एसपीएल म्हणून लिहिलेली. ती ओलांडली की पुढे कुठलंही बटण कामाचं नाही. हल्ली '३२ बिट फ्लोट'मध्ये लेव्हल बघावी लागत नाही म्हणतात, ते खरं आहे, पण माईकची मर्यादा त्यानेही वाढत नाही. तेव्हा मागे सरकायचं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात.

मग साउंडवाल्याशी ओळख केली. त्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतली. तिथेही एकदा चुकलो. मिक्सरचा आवाज लाइन लेव्हलचा म्हणजे जोरदार, फोनचं भोक माईक लेव्हलचं म्हणजे नाजूक, शेकडो पटींचा फरक. तासभराची बारी नुसती खरखर. आता मध्ये अटेन्युएटर (पातळी खाली आणणारा भाग) असलेली केबल असते किंवा वायर सरळ रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये.

पण मिक्सरवरून आलेली बारी ऐकली आणि जीव रमेना. बुवांचा आवाज स्वच्छ, पेटी स्वच्छ, पण झांजेला माईकच नव्हता! कोरस लांब, गजर चढला तरी लोकांचा आवाज नाही. डबलबारीत समोरच्या बुवाने टोला हाणल्यावर जी हाळी उठते ती नसेल तर बारी कसली. म्हणून आता दोन्ही करतो, मिक्सरवरून एक आणि मैदानातून एक, आणि घरी जुळवतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटरवरच्या माईकला आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा मिळतो. तेवढं सरकवलं नाही तर मृदंगाची प्रत्येक थाप दोनदा वाजते. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभराने पुन्हा फरक पडतो. प्रत्येक गजराला परत जुळवावं लागतं. रात्र जाते त्यात, पण करतो.

---

सनीव्हेलहून

कणकवलीचो_बुवाप्रेमी, फार आवडलं. इथे कॅलिफोर्नियात तुमच्यासारख्यांना 'टेपर' म्हणतात. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून अशा लोकांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागाच राखून ठेवली, उंच स्टँडवर माईक लावायला परवानगी दिली. अट एकच, विकायचं नाही. त्यांच्या हजारो मैफली आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत.

इथल्या महाराष्ट्र मंडळात भारतातून कलाकार आले की मी रेकॉर्ड करते, पण आधी ईमेल करून विचारते आणि फाइल कलाकाराला पाठवते. मोठ्या हॉलमध्ये एकाच स्पीकरजवळ बसू नका, मिक्सरच्या जवळ मधल्या रांगेत बसा. साउंडवाला तिथूनच ऐकून आवाज जुळवत असतो.

---

कलम_३९

परवानगीचा विषय निघालाच आहे तर थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलाकाराचे स्वतःचे हक्क कलम ३८ मध्ये आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ३८अ आलं. हा हक्क ५० वर्षं टिकतो. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खऱ्या अर्थाने शिकण्या-शिकवण्यासाठी, संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा हक्कभंग नाही.

पण ते रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवणं हा खाजगी वापर नाही. शिवाय हक्क फक्त गायकाचा नसतो. तबलजी, पेटीवाले, सगळेच कायद्याने कलाकार. बाईंनी हो म्हटलं तरी बाकीच्यांना विचारावं लागेल. आणि आयोजकांनी तिकिटावर किंवा मंचावरून मनाई केली असेल तर कलम ३९ दाखवून माईक काढू नये, ती तुमची त्यांच्याशी झालेली अट आहे.

---

धा_धिं_धिं_धा

हे लिहिल्याबद्दल आभार. आम्हाला कोणीच विचारत नाही. विचारलं तर आम्ही नाही म्हणत नाही, उलट माईक जरा डाव्या हाताकडे घ्या एवढंच सांगतो.

---

शुद्धधैवत

कोजागिरी झाली. सविस्तर लिहिते, कारण हे तुमच्या सगळ्यांमुळे घडलं.

बैठक गच्चीवर नव्हती, बाईंना गार वारा सोसत नाही. हॉलमध्येच. साथीदारांना आधी फोन करून विचारलं, दोघांनी आनंदाने होकार दिला. तबलजींना वर लिहिलेलं वाचून दाखवलं, ते खूप हसले आणि म्हणाले, डग्ग्याकडे बघ म्हणजे झालं. माईक दीड मीटरवर, जरा पेटीकडे. दोन्हीकडे टकटक करून पाहिली, आणि बरं झालं, पहिल्या वेळी फोनचाच माईक चालू निघाला! केबल काढून परत लावल्यावर रेकॉर्डर ओळखला गेला. पंखे आलापीपुरते बंद ठेवायला लोक तयार झाले, द्रुतला लावले.

बाई बागेश्री गायल्या, ५२ मिनिटं. मागच्यासारखा पूरिया मी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन गेले. हेडफोन बाईंना नको होते, पण लावले. विलंबितची पहिली दोन आवर्तनं त्या काहीच बोलल्या नाहीत. मग हात वर करून थांबवायला सांगितलं. मला वाटलं, काही चुकलं. त्या म्हणाल्या, "जोडीतली अलीकडची तार उतरलीय गं. इथे. परत लाव." परत लावलं. खरंच, केसभर उतरलेली होती आणि दोन षड्जांमध्ये हळू लाटा येत होत्या. त्या दिवशी खोलीत कोणालाच कळलं नव्हतं, तानपुऱ्यावर मीच होते.

मग त्यांनी उरलेली ४० मिनिटं ऐकली आणि कॅसेटचा डबा काढून दिला. एकूण ३१ आहेत. काका, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, जुना चांगला डेक कुठे मिळेल ते सांगा.